क्रीटचा दक्षिण किनारा : समारियाची घळ, लूत्रो, गोडं पाणी आणि न आलेली बोट

रानजाई

नमस्कार मंडळी,

मागच्या सप्टेंबरच्या शेवटी मी आणि ताई क्रीटला जाऊन आलो. इथले ग्रीसवरचे बहुतेक धागे अथेन्स, सांतोरिनी, मिकोनोसचे आहेत, म्हणून हा वेगळा काढतेय. ज्यांना डोंगरात पायी हिंडायला आवडतं आणि समुद्रही सोडवत नाही त्यांनी जरूर वाचावा.

आधी थोडा भूगोल. क्रीट हे ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट, पूर्व-पश्चिम साधारण २६० किलोमीटर लांब. मोठी शहरं, विमानतळ, हमरस्ता, सगळं उत्तर किनाऱ्याला. पश्चिम भागात मधोमध लेफ्का ओरी, म्हणजे 'पांढरे डोंगर' उभे आहेत. त्यातलं सर्वांत उंच शिखर पाख्नेस, २,४५३ मीटर. हे डोंगर दक्षिणेला लिबियन समुद्रात असे सरळ उतरतात की कडेने रस्ता काढायला जागाच उरलेली नाही. आग्या रूमेली आणि लूत्रो या दोन गावांना आजही गाडीरस्ता नाही. बोटीने जा, नाहीतर पायी. या मुलखाचं नाव स्फाकिया.

आमचाही पहिला बेत गाडी भाड्याने घेऊन पाच दिवसांत बेटाला फेरी मारायचा होता. नकाशावर रोजचे किलोमीटर मांडत बसले होते, तर ताई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन समुद्र गाडीच्या काचेतून बघायचा का?" गाडी रद्द केली. मोठ्या बॅगा उत्तर किनाऱ्यावरच्या खान्या शहरातल्या मुक्कामी ठेवल्या आणि पाठीवर एकेक छोटी सॅक घेऊन निघालो. ताई ५४ वर्षांची, मी ४६, दोघींना सह्याद्रीची सवय. तेवढ्या भांडवलावर हे सगळं जमलं.

पहिला दिवस. खान्याहून पहाटेची बस ओमालोसच्या पठारावर नेते. तिथल्या क्सिलोस्कालो या जागेपासून समारियाच्या घळीत उतरायचं. सुरुवात सुमारे १,२३० मीटरवर आणि शेवट समुद्रसपाटीला. उद्यानाच्या हद्दीतले १३ किलोमीटर आणि पुढे आग्या रूमेली गावापर्यंत ३, असे एकूण १६. पहिला तासभर नुसती उतरंड. लाकडी कठडा, पाइन आणि सायप्रसची झाडं, समोर करड्या-पांढऱ्या चुनखडकाची भिंत. आपल्या काळ्या कातळाला सरावलेल्या डोळ्यांना हा पांढरा दगड सुरुवातीला परका वाटतो. घसारा मात्र अगदी ओळखीचा. पाऊल आडवं टाकायचं, हे इथे कोणी शिकवायला नको.

निम्म्यावर जुनं समारिया गाव लागतं. १९६२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा इथल्या लोकांना गाव सोडावं लागलं. काही घरं डागडुजी करून ठेवली आहेत, बाकी दगडांचे पडके चौक. क्री-क्री नावाची तिथली रानशेळी आमच्या पिशवीपर्यंत आली होती. एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. (ताईने पुण्याहून आणलेल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत पुरल्या.) उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला होता. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी झिजलेला दगड, आणि आता त्यावर फक्त आमच्यासारखे वाटसरू टेकतात. तिथून मला लवकर उठवेना.

पुढे 'पोर्तेस' म्हणजे दारं. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येत येत जेमतेम चार मीटरचं अंतर ठेवतात, आणि वर मान टाकली तरी कडा संपत नाही. सांधण दरी केलेल्यांना अंदाज येईल. इथे खालून ओढा वाहतो आणि लाकडी फळ्यांवरून पार व्हायचं. त्या फटीतून जी गार झुळूक आली, तिने सहा तासांची चाल विसरायला लावली.

आता एक कळकळीची विनंती. बहुतेक लोक घळ उतरले की संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने आग्या रूमेली सोडतात. तुम्ही सोडू नका. रात्र तिथेच काढा. बोट गेली की किनाऱ्यावरची पाचशे माणसांची गजबज एकदम ओसरते. उरतात गावची माणसं, शेळ्यांच्या घंटा आणि लाटांनी गोट्या मागे ओढल्याचा खळखळाट. आम्ही पाय पाण्यात सोडून अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

दुसरा दिवस. आग्या रूमेली ते लूत्रो, किनाऱ्याने पायी. साधारण १४ किलोमीटर. लोक सहा तास सांगतात, आम्हाला आठ लागले. ही ई-४ या लांब युरोपीय पायवाटेचाच भाग, दगडांवर पिवळ्या-काळ्या खुणा आहेत. सव्वा तासावर आयोस पाव्लोसचं, म्हणजे संत पॉलचं, हजारेक वर्षांपूर्वीचं चिमुकलं देऊळ लागतं. किनाऱ्यावरच्याच दगडांनी बांधलेलं, त्यामुळे लांबून वेगळं दिसतच नाही. जवळ गेल्यावर एकदम घुमट दिसला आणि ताईचा हात नकळत जोडला गेला. पुढे वाट पाइनच्या रानातून वर चढते, उजव्या हाताला खाली खोल निळा समुद्र. मग उतरून मार्मारा. आरादेनाची घळ इथे समुद्राला मिळते, आणि किनाऱ्याचा खडक लाटांनी घासून इतका गुळगुळीत केलाय की हात फिरवावासा वाटतो. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. आम्ही दोन घेतलं आणि मार्माराला पोचेपर्यंत ते संपलं होतं.

तिसरा दिवस, लूत्रो. पांढरी घरं, निळ्या खिडक्या, अर्धवर्तुळ खाडी, मागे उघडा डोंगर. गाव म्हणजे काय, पाण्याकाठची एक ओळ आणि तिच्यामागे चढावर आणखी थोडी घरं. गाडीचा आवाज नाही. दुपारच्या बोटीने खोरा स्फाकिओनला जाऊन खान्याची बस धरायची होती. पण सकाळपासून दक्षिणेचा वारा उठला, लाटा धक्क्यावर चढू लागल्या आणि बोट आलीच नाही. खान्यातल्या त्या रात्रीच्या खोलीचे पैसे भरलेले होते. फोन करून कळवलं, तरी एक दमडी परत मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीच्या सहलीचेही गेले. राग आला, नाही असं नाही.

मग मुक्कामाच्या बाईंनी, त्यांचं वय सत्तरच्या पुढचं, आम्हाला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या 'स्फाकियानी पीता' करत होत्या. मैद्याच्या कणकेत थोडं तेल आणि थोडी त्सिकुदिया (द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली इथली दारू). कणकेचा गोळा तळहातावर पसरायचा, त्यात मिझीथ्रा या ताज्या चीजचा तेवढाच गोळा ठेवायचा, कडा वर घेऊन तोंड बंद करायचं आणि हलक्या हाताने ताटलीएवढं पातळ करायचं. मग तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायचं आणि वरून रानथाईमचा मध. ताई बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, ही तर पुरणपोळीच!" तिने हात पुढे केला, बाईंनी एक गोळा दिला. ताईने उंडा जसा भरतात तसा भरला, एका जागीही फुटू दिला नाही. त्या बाईंनी ताईच्या हाताचं चुंबन घेतलं. भाषा एकमेकींची एक अक्षर येत नव्हती. त्या दिवशी बोट आली असती तर हे घडलं नसतं.

चौथा दिवस. वारा पडला, तरी आम्ही बोटीची वाट न पाहता पायीच निघालो. लूत्रोपासून सव्वा तासावर ग्लिका नेरा. शब्दशः अर्थ 'गोडं पाणी'. खाऱ्याच्या उलट गोडं, अगदी आपण म्हणतो तसंच. उंच कड्याखाली गोट्यांचा लांबलचक किनारा. तिथे लाटेपासून पाच पावलांवर गोटे हाताने बाजूला केले, कोपरभर खड्डा झाला आणि तळाशी पाणी पाझरायला लागलं. आधी गढूळ, मग दोन मिनिटांत काचेसारखं. ओंजळीने प्यायले. गार आणि गोडं. समुद्र माझ्या पाठीला तुषार मारत होता आणि मी त्याच्या काठावर झऱ्याचं पाणी पीत होते. पोहायला उतरलो तर समुद्रातही मधेच बर्फासारखे गार पट्टे लागले.

तिथून खोरा स्फाकिओन दीडेक तास, शेवटचा भाग डांबरी. वाट सोपी आहे. दुपारची बस धरून संध्याकाळी खान्यात. पाचवा दिवस खान्याच्या जुन्या वेनिशियन बंदरात गेला. ते सुंदर आहेच, पण त्यावर खूप लिहिलं गेलंय.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

---

कोकणकडा

वा, रानजाई! सांधणची उपमा वाचून चित्र उभं राहिलं. समारिया वर्षभर उघडी असते का? आम्हाला मुलांच्या नाताळच्या सुट्टीतच जमतं.

रानजाई

नाही हो. साधारण १ मे ते ऑक्टोबरअखेर. हिवाळ्यात ओढ्याला पूर येतो, दरडी कोसळतात, म्हणून बंद. हंगामातही पावसाचा किंवा फार उकाड्याचा अंदाज असेल त्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री चौकशी करून निघा. नाताळात किनाऱ्यावरच्या बोटीही फार कमी असतात आणि लूत्रोतली बहुतेक घरं बंद. त्या सुट्टीत खान्या आणि क्नोसोसचा प्राचीन राजवाडा करा. ही वाट मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या उघड्या डोंगरावर सावली शोधून सापडणार नाही.

मालवणची माय

गोड्या पाण्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारा दर्या आणि आत गोडं पाणी. लहानपणी आजोबा होडीतून न्यायचे आणि पहिल्यांदा त्या पाण्याची चव घ्यायला लावायचे. म्हणायचे, महाराजांनी आधी पाणी बघितलं, मग किल्ला बांधला. तुमच्या त्या किनाऱ्यावरचं पाणीही तसंच असेल का?

भूगर्भी

मालवणची माय, दोन्ही ठिकाणी गोडं पाणी समुद्राशेजारी आहे, पण येण्याची तऱ्हा वेगळी. विषय माझ्या आवडीचा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बेटावर किंवा किनाऱ्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, मधे फुगीर आणि कडेला पातळ अशा भिंगासारखं. विहीर त्या भिंगापुरती खोल असेल आणि उपसा बेताचा असेल तर पाणी गोडं राहतं. जास्त उपसलं की खालून खारं वर चढतं. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी अशाच नासल्या आहेत.

लेफ्का ओरीचं प्रकरण चुनखडकाचं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. हजारो वर्षांत भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा. म्हणून एवढ्या उंच डोंगरावर बर्फ पडूनही वर पाणी ठरत नाही, सगळं पोटात जातं. ते आतल्या आत वाहत समुद्रसपाटीला बाहेर पडतं, काही किनाऱ्यावर आणि काही थेट समुद्राच्या तळातून. रानजाईंना पोहताना लागलेले गार पट्टे तेच. त्या ओंजळीत २,००० मीटरवर वितळलेलं बर्फ असणार. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे कातळात खोदलेली टाकी आणि त्यांच्याकडे डोंगराच्या पायथ्याशी झरे.

रानजाई

भूगर्भी, मनापासून आभार. तिथे नुसतं नवल वाटलं होतं, आता कळलं. वरती डोंगर कोरडा ठणठणीत का, हाही प्रश्न सुटला.

चारचाकी

धागा छान, पण एक वेगळं मत मांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने एलाफोनीसी आणि बालोस सोडायचं म्हणजे काय? आम्ही चार दिवस गाडीने फिरलो. बालोसचं उथळ हिरवंनिळं पाणी आणि एलाफोनीसीची गुलाबी झाक असलेली वाळू, दोन्ही आयुष्यभर लक्षात राहतील. सहा वर्षांची मुलगी बरोबर होती, १६ किलोमीटरची घळ आम्हाला शक्यच नव्हती. एलाफोनीसीला पाणी गुडघाभर, ती दिवसभर खेळली. गाडीमुळेच हे जमलं.

गाडी घेणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या. विम्यात टायर आणि गाडीची खालची बाजू धरली आहे का ते लेखी विचारा. बालोसचा शेवटचा काही किलोमीटरचा रस्ता खडीचा आहे आणि अनेक कंपन्या त्या रस्त्याला विमा देत नाहीत. आमच्याकडून एका टायरचे चांगलेच पैसे घेतले गेले, कागद बारकाईने वाचले नव्हते.

रानजाई

चारचाकी, लहान मुलगी बरोबर असेल तर तुमचंच बरोबर, मीही तेच केलं असतं. माझं म्हणणं एवढंच, की जे चालू शकतात त्यांनी सगळी ठिकाणं गोळा करण्याच्या नादात एकाही ठिकाणी रात्र न काढता परतू नये. बालोसला दुपारी हजार माणसं असतात. सकाळी आठला तिथे कोणी नसताना उभं राहायला मिळालं तर तेही वेगळंच दिसत असेल. तुम्ही किती वाजता पोचला होतात?

चारचाकी

साडेअकराला. सकाळी लवकर जायला हवं होतं, हे मान्य.

दर्यावर्दी

व्यापारी जहाजावर २२ वर्षं काढली, क्रीटच्या दक्षिणेने कितीदा गेलोय. बोट का आली नाही ते सांगतो.

उन्हाळ्यात एजियन समुद्रात उत्तरेचा वारा असतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. त्या वाऱ्यात दक्षिण किनारा डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे लाट लहान. मात्र वारा घळींमधून फनेलसारखा खाली कोसळतो आणि अचानक झोत मारतो. दक्षिणेचा वारा सुटला की चित्र उलटं. आफ्रिकेपासून मोकळा समुद्र, लाटेला वाढायला शेकडो किलोमीटर मिळतात आणि यातल्या बहुतेक लहान बंदरांना पुरेसा आडोसा नाही. या बोटी पुढचा दरवाजा धक्क्यावर टेकवून माणसं उतरवतात. लाटेत ते धोक्याचं. कप्तानाने बोट न काढणं हाच शहाणपणा. त्या किनाऱ्यावर बोटीनंतर लगेच विमानाची वेळ कधीही ठेवू नये, एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

लूत्रोबद्दल आणखी एक. प्राचीन काळी हे फिनिक्स बंदर. हिवाळ्यात जहाज लावायला त्या किनाऱ्यावर यापेक्षा भरवशाची खाडी नाही. रोमला कैदी म्हणून नेलं जात असताना संत पॉलचं जहाज हिवाळा काढायला फिनिक्सकडेच निघालं होतं. वादळाने ते गाव्दोस बेटाच्या आडोशाने पुढे ढकललं आणि माल्टाला फुटलं, असं बायबलमध्ये आहे. गाव्दोस तुम्हाला किनाऱ्यावरून दिसलं असेल, ग्रीसचं दक्षिण टोक.

रानजाई

हो! दुसऱ्या दिवशी पाइनच्या रानातून चालताना क्षितिजावर चपटी रेघ दिसत होती. आम्ही ढग समजलो होतो.

शाकाहारी प्रवासी

आम्ही चौघं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. अशा आडगावी खायचे हाल होतील का?

रानजाई

अजिबात नाही. क्रीटसारखं शाकाहारी माणसाचं पोट युरोपात इतक्या सहज कुठे भरत असेल असं मला वाटत नाही. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. अगदी आपल्या पावसाळी रानभाज्यांच्या जवळचं. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मिझीथ्रा. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि भोपळी मिरच्या, पण त्यात कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या. पिवळ्या डाळीची फावा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची भाजी (गिगांतेस), वांगी-बटाटे-दुधीच्या जातीच्या भाजीचं ब्रियाम.

दोन शब्द पाठ करून जा. 'होर्तोफागोस' म्हणजे शाकाहारी. आणि 'नीस्तीसिमो' म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपासात मांस, अंडी, दूध चालत नाही, त्यामुळे हा शब्द उच्चारला की आतल्या आजीबाईंना लगेच समजतं. मात्र त्या उपासात कालवं-कोळंबी चालतात, तेवढं स्पष्ट सांगा.

बर्लिनकर काका

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण त्या वाटेवरून चालताना तो माहीत असावा.

खान्याच्या विमानतळाला ज्याचं नाव आहे तो दास्कालोयानिस लूत्रोच्या डोक्यावरच्या आनोपोली गावचा. स्वतःची जहाजं असलेला श्रीमंत माणूस. १७७० मध्ये रशियाच्या मदतीच्या भरवशावर त्याने तुर्की सत्तेविरुद्ध स्फाकिया उठवला. मदत आली नाही. त्याने शरणागती पत्करली आणि १७७१ मध्ये इराक्लिओला त्याला जिवंत सोलून मारलं. आनोपोलीच्या चौकात त्याचा पुतळा आहे.

दुसरं १९४१. मेमध्ये जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. उत्तरेचा किनारा पडल्यावर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सैनिक लेफ्का ओरी ओलांडून खोरा स्फाकिओनला आले आणि मेच्या शेवटच्या चार रात्रींत जहाजांनी त्यांना इजिप्तला नेलं. हजारो मागे राहिले आणि पकडले गेले. ग्रीसचा राजा याच समारियाच्या वाटेने आग्या रूमेलीला उतरला आणि तिथून निसटला. मी जर्मनीत ३० वर्षं राहतोय. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांचे वडील त्या छत्रीधाऱ्यांत होते. ते स्वतः दोनदा क्रीटला जाऊन आले आणि दोन्ही वेळा लोकांनी त्यांना जेवू घातलं, हे सांगताना त्यांचा आवाज बसतो.

रानजाई

काका, खोरा स्फाकिओनच्या बंदरावर त्या सैनिकांचं स्मारक आहे, तिथे आम्ही बसची वाट बघत बसलो होतो. ज्या डोंगरातून आमची बस वळणं घेत चढली तिथूनच ती दमलेली माणसं उतरली. तुम्ही लिहिलेलं आधी वाचलं असतं तर तिथे वेगळ्या मनाने उभी राहिले असते.

लेक तुझी

ताई, आईबाबांना घेऊन जायचंय. बाबा ७२, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. आईची लूत्रो बघायची फार इच्छा आहे. तुमचा धागा तिला वाचून दाखवला.

रानजाई

अगं, नक्की ने. खान्याहून बसने खोरा स्फाकिओन, तिथून बोटीने लूत्रो वीस-पंचवीस मिनिटांत. धक्क्यावर उतरलं की गाव समोरच. खोली घेताना पाण्याकाठच्या ओळीतली आणि तळमजल्याची माग, मागची घरं पायऱ्यांवर आहेत. तीन रात्री राहा. एक दिवस बोटीने आग्या रूमेलीला जा. पोर्तेस खालच्या बाजूनेही गाठता येतं, पण बाबांना तेवढं जमणार नाही. त्यांनी किनाऱ्यावर सावलीत बसावं, तू आणि आई जमेल तेवढं आत चालून परत या. किनारे सगळे गोट्यांचे, तिघांनाही पाण्यात घालायचे रबरी बूट घेऊन जा. अनवाणी बाबांचा तोल जाईल. आणि दर्यावर्दींनी सांगितलेला राखीव दिवस विसरू नकोस.

लेक तुझी

आईने वहीत उतरवून घेतलं सगळं.

उंबरा (रानजाईची ताई)

मंडळी, मी ती ताई. धाकटीने लिहिलेलं आज वाचलं, फार छान लिहिलंय. एक दुरुस्ती करायची म्हणून खातं उघडलं.

ग्लिका नेरापासून पुढची वाट सोपी नाही. किनारा सोडला की ती कड्याच्या पोटातून जाते. काही ठिकाणी रुंदी दोन पावलांची, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ खाली पाणी आणि पायाखाली सुटे दगड. कठडा नाही. धाकटी पुढे होती, तिला उंचीचं काही वाटत नाही. मी मधल्या एका वळणावर थांबले. सॅकच्या बाजूच्या खिशात भरलेली बाटली होती, ती एका अंगाला ओढत होती. बाटली काढून सॅकच्या आत मधोमध ठेवली, पट्टे घट्ट केले, कातळाला हात लावून नजर पुढच्या दगडावर ठेवली आणि एकेक पाऊल टाकत गेले. पाच मिनिटांचाच भाग असेल. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी लूत्रोहून ग्लिका नेराला जाऊन त्याच वाटेने परत फिरावं आणि बोट धरावी. हंगामात काही लहान बोटी ग्लिका नेरालाही थांबतात, त्यांची चौकशी लूत्रोत करता येते.

रानजाई

ताई, तू हे मला त्या दिवशी बोलली नाहीस. मी पुढे जाऊन फोटो काढत होते.

मंडळी, वर 'वाट सोपी आहे' असं लिहिलंय ते ताईने सांगितल्याप्रमाणे वाचा. मूळ मजकूरही आत्ता बदलायला टाकते.